इंजिनाची आंघोळ

मालवण ते देवबाग या पट्ट्यात आउटबोर्ड इंजिनं जितकी आहेत, त्या मानाने तात्या कमीच. तरी दर वाडीला एखादा निघतोच. डॉल्फिन दाखवून होड्या किनाऱ्याला लागल्या की पोरं पैसे मोजत चहाच्या टपरीकडे सुटतात. एकच माणूस अंगावरचं खारं पाणी अंगावरच वाळवत 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन सोडवायला लागतो आणि पुतण्याला दुसरं टोक धरायला लावून ते घरच्या परसात नेतो. तो तात्या. स्वतःच्या आंघोळीविषयी त्याचा काही आग्रह नसतो. काकींचा असतो, पण ते दोघांचं दोघं बघून घेतील.

परसात जाड फळ्यांची घोडी ठोकलेली आहे. इंजिन तिच्यावर उभं चढतं. मग तात्या नळीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतो. होमस्टेला उतरलेल्या पाहुण्यांना वाटतं, तीर्थ घेतोय. तात्या ते खळखळून थुंकतो आणि निकाल देतो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मधल्या चिंचोळ्या जमिनीतल्या बोअरवर तो आंधळा विश्वास टाकत नाही. "ह्या पाणी खारा आसा" असं एकदा ठरलं की काकींनी पिण्यासाठी भरून ठेवलेल्या पिंपावर संक्रांत.

पुढचा विधी बघण्यासारखा. पंख्याच्या वर, जिथून इंजिन पाणी ओढतं त्या जाळ्यांवर दोन रबरी वाट्यांचा चिमटा बसतो, चिमट्याला नळी. पुतण्याचा हात सुरू करायच्या दोरीकडे गेला की तात्या गरजतो, "मेल्या, आधी पाणी, मगे इंजिन!" आत पाणी ओढणारी रबरी चक्री असते. ती कोरडी फिरली तर काही सेकंदांतच खराब व्हायला लागते. बंद करताना उलट, आधी इंजिन, मग पाणी. पुतण्याला हे झोपेतही पाठ आहे, पण तात्याला ते रोज नव्याने सांगावंसं वाटतं. गिअर न्यूट्रलला, वेग अगदी मंद, आणि पंख्याच्या आसपास लहान पोर दिसलं तर "शिरा पडो" पासून पुढे.

मागून पाण्याची बारीक धार सुटली की तात्या तिच्यात बोट धरतो. "मुतता मा? मगे घाबराचा काम नाय." एकदा पुण्याच्या एका साहेबांनी विचारलं की एवढ्यावर भागत नाही का. इथे तात्याचा चेहरा उजळतो. समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार, हा आकडा त्याने कुठून मिळवला देव जाणे, पण आकडा बरोबर आहे. इंजिन थंड असताना आतला थर्मोस्टॅट मिटलेला असतो, त्याच्या पलीकडे गोडं पाणी नीट फिरत नाही. "इंजिन तापल्याशिवाय आतलो दरवाजो उघडना नाय." म्हणून धार कोमट लागेपर्यंत आणि वर आणखी थोडा वेळ, तात्या हलत नाही. गणपतीत आरतीला सगळी वाडी उभी आणि तात्याचं बोट धारेत, असंही होतं.

पावसात काकी एकदा दयेने म्हणाल्या, पडवीची दारं लावून आत करा की. तात्या भिजत राहिला. बंद जागेत इंजिनाचा धूर माणूस मारतो, हे त्याला पक्कं ठाऊक. धुऊन झालं की इंजिन आडवं करायचं नाही, आतलं पाणी निथळेस्तोवर उभंच. तोवर तात्याही उभा.

बाकी काही म्हणा, तात्या बरोबर असतो आणि त्यामुळेच असह्य होतो. शेजाऱ्याने जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हौसेने इंजिन निळं रंगवलं, खालचा जस्ताचा तुकडाही सोडला नाही. तो तुकडा स्वतः झिजतो आणि ॲल्युमिनियम वाचवतो, रंग फासला की त्याचं काम खुंटलं. तात्या पॉलिशपेपर घेऊन न बोलावता शेजाऱ्याच्या अंगणात. "तो जीव देता म्हणान तुझा इंजिन जगता, आनी तू तेका रंग लावलंस?" शेजारीण अजून त्याच्याशी बोलत नाही. जस्त मात्र चकचकीत आहे.

यंदा पुतण्याने कर्ज काढून मोठं फोर-स्ट्रोक घेतलं. त्याला वरच नळी लावायचं तोंड आहे, आणि इंजिन चालू न करताच धुवायचं. तात्याला हे पटेना. तापल्याशिवाय धुणं म्हणजे नुसते शिंतोडे! पुतण्याने इंग्रजी पुस्तिका उघडली. "तात्यांनू, इंजिन बंद ठेवा म्हणान सपष्ट लिवलासा." कंपनीने त्या तोंडातून पाणी आत फिरायची वाट वेगळी ठेवली आहे, हेही समजावलं. तात्याने ते पान तीनदा वाचून घेतलं, चित्रावर बोट फिरवलं, बराच वेळ गप्प राहिला.

"लिवणारो शाणो आसा," शेवटी तो म्हणाला, "पण पाणी चाखून बघूचा तेवढा इसारलो." आणि नळी तोंडाला लावली.