गावकावळ्याच्या फोटोबाबत खुले पत्र

प्रति,
समस्त पक्षी-छायाचित्रकार,
इंदूर.

विषय : गावकावळ्यास बऱ्या उजेडात फोटोची संधी मिळण्याबाबत.

गावकावळा इंदुरात कुठेही दिसतो. इंदूरच्या पक्ष्यांच्या फोटोंत मात्र तो शोधावा लागतो. लांबी चाळीसेक सेंटिमीटर, डोके, पंख, शेपूट काळे, मान आणि छाती राखी, चोच दणकट, चाल पोलीस पाटलाची; आवाजाविषयी न लिहिलेलेच बरे. रविवारी पहाटे हातभर लांबीची लेन्स घेऊन सिरपूरला निघालेला छायाचित्रकार ज्या तारेखालून स्कूटर काढतो, त्याच तारेवर तो बसलेला असतो. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. तार कोणत्याच यादीत नाही, त्यामुळे तिच्यावर बसलेला पक्षी पक्ष्यांत धरला जात नाही.

सरकारदरबारीही त्याची पत फारशी नव्हती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाचव्या अनुसूचीत, उंदीर, घुशी आणि वटवाघळांच्या पंगतीत बसवले होते, म्हणजे उपद्रवी म्हणून. २०२२च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. इंदूरच्या कावळ्याची मोठी बातमी झाली ती डिसेंबर २०२०च्या अखेरीस. डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. प्रसिद्धी मिळाली, पण ती घ्यायला अर्जदार कावळा जागेवर नव्हता.

शास्त्राचे मत वेगळे आहे. १८१७ साली फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ व्हिएयो याने या पक्ष्याला ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये स्प्लेंडेन्स म्हणजे झळकणारा. ही थट्टा नव्हे. कावळ्याच्या पिसातला काळा रंग मेलॅनिनचा असतो आणि त्याच्या कणांवर केराटिनचा अतिशय पातळ थर असतो. उजेड या थराच्या वरूनही परततो आणि खालूनही. परतलेले किरण एकमेकांत मिसळले की काही रंग उठतात, काही विझतात. पावसाळ्यात डांबरावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात ते याच कारणाने. म्हणून कावळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर जांभळट निळी झाक असते, पंखांवर हिरवट. अट एवढीच की उजेड तिरपा हवा. मान जरा वळली की जांभळा गेला, काळा उरला.

अर्जदाराच्या कुरूपतेत कॅमेऱ्याचा वाटा बराच मोठा आहे. समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे कॅमेऱ्याचा मीटर गृहीत धरतो. व्यवसायात याला अठरा टक्के ग्रे म्हणतात. चौकटीत काळा पक्षी भरला की मीटरला अंधार पडल्यासारखे वाटते. तो उजेड वाढवतो आणि कावळा चार पावसाळे खाल्लेल्या छत्रीसारखा धुरकट येतो. मागे पांढरे आभाळ असले तर उलटे होते. मीटर उजेड कमी करतो आणि तारेवर कावळ्याच्या आकाराचे एक भोक तेवढे उरते. पहिल्या वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यावे, दुसऱ्या वेळी तेवढेच किंवा थोडे जास्त वर. डोळा गडद तपकिरी, आणि तोही काळ्या डोक्यात. त्यात उजेडाचा ठिपका उतरला नाही तर फोटोत डोळा सापडत नाही. ठिपका येईपर्यंत थांबावे. कावळाही थांबतो, कारण समोरच्या पिशवीतून खायला काही निघते का हे त्याला पाहायचे असते.

वेळेचा हिशेब इंदुरात थोडा वेगळा आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, शहर ७६च्या जरा अलीकडे; त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या पंचवीसेक मिनिटे मागे चालतो. सप्टेंबरअखेर तो सव्वासहाच्या सुमारास उगवतो. पावसाने धुतलेली हवा आणि आडवा पिवळा उजेड, असा तासभर कावळ्याला मिळतो. नेमक्या याच दिवसांत पितृपक्ष येतो. मराठी घरांत गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला जातो, त्यावर भात, खीर, भाजणीचा वडा. आणि एरवी ज्याला हाकलतात त्याला हात जोडून हाका मारल्या जातात. पण काकबळीची वेळ भरदुपारची. सूर्य पासष्ट अंशांवर चढलेला, पाठीवर पांढरी चकाकी, पोटाखाली काजळी. वर्षातून एक पंधरवडा माणूस कावळ्याला मानाने बोलावतो, तोही सर्वांत वाईट उजेडात. यावर एक तोड आहे. गच्चीला चुना दिलेला असेल तर खालून परतणारा उजेड पोटाखालची काजळी बरीचशी धुऊन काढतो. यजमानाची परवानगी मात्र आधी घ्यावी. पिंडाला कावळा शिवत नसताना लेन्स बदलत उभा असलेला पाहुणा कोणाला आवडत नाही.

सर्वांत जबर उजेड वळवाच्या पावसाचा. जूनच्या सुरुवातीला, सातच्या आसपास, पूर्वेला ढग शाईसारखा जमलेला असतो आणि पश्चिमेला मावळता सूर्य ढगाच्या कडेखालून डोकावतो. पाच-सात मिनिटांचाच खेळ. तेवढ्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून एखादा कावळा उडाला तर तो आभाळापेक्षा उजळ दिसतो. काळा पक्षी उजळ दिसण्याची दुसरी संधी सहसा मिळत नाही. इथे मीटरवर विश्वास ठेवला की शाईचा ढग राखेचा होतो, म्हणून एक्स्पोजर खालीच ठेवावे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद नसावा. हाच हंगाम घरट्याचा, चोचीत काटकीऐवजी तारेचा तुकडा असण्याचा संभव असतो. घरट्याजवळ जाऊ नये. अमेरिकेतील सिॲटल येथे २००६ पासून झालेल्या मुखवट्यांच्या प्रयोगांत, तिथल्या कावळ्यांनी त्रास देणारा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवल्याचे दिसले. गावकावळा त्यांचा भाऊबंदच आहे, आणि डोक्यावर टोचा खाल्लेल्या इंदूरकराला प्रयोगाची गरज नाही.

इंदूरला काळ्या पक्ष्याचे वावडे होते असेही नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात पॅरिसमधील शिल्पकार ब्रँकुसी याचे तीन ‘बर्ड इन स्पेस’ विकत घेतले. एक झळाळत्या ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा आणि एक चक्क काळ्या. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचे होते. ब्रँकुसी १९३८च्या सुरुवातीला त्यासाठी इथे येऊनही गेला. मंदिर झाले नाही. हा शिल्पकार आपल्या शिल्पांचे फोटो स्वतःच काढी आणि ब्राँझवर ऊन आपटून उडालेली झळ फोटोत तशीच ठेवी. इतरांना ती चूक वाटली असती. त्याला हवे होते तेच. काळा आणि पांढरा हे दोन्ही पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. याच मालिकेतला एक पक्षी १९२६ साली न्यूयॉर्कच्या कस्टमने स्वयंपाकाच्या भांड्यांच्या वर्गात घालून त्यावर चाळीस टक्के कर लावला होता. न्यायालयाने तो पक्षी कलाकृती असल्याचे १९२८ साली मान्य केले. महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यात सध्या केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे, आणि तिथल्या कंपाउंडवर बसणाऱ्या काळ्या पक्ष्यावर कसलाही कर नाही.

सबब, समस्त छायाचित्रकारांनी सिरपूरला जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे आपल्याच गल्लीच्या तोंडाशी थांबावे. सूर्य पाठीशी ठेवून नव्हे, एका बाजूला ठेवून. मागे पांढरे आभाळ नसेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. अर्जदार तारेवर हजर असतो.

सोबत : अर्जदाराचा अलीकडचा फोटो (उपलब्ध नाही).