बॉण्ड, वाघ आणि चोरीचा पिंगळा

मेळघाटात सेमाडोहला टपरीवर चहा उकळत होता आणि पुण्याहून आलेला ग्रुप बॉण्ड उगाळत होता. सफारीला अजून तासभर अवकाश होता.

‘२००६चा कॅसिनो रॉयल! गाडीने सात पलट्या मारल्या. गिनीजमध्ये नोंद झाली होती!’ असेल बुवा. परतवाड्याहून घाट चढणाऱ्या एसटीत मागच्या बाकावर बसून बघा. पोटातल्या पलट्या गिनीजवाले कधी मोजणार?

२०२१च्या ‘नो टाइम टु डाय’साठी इटलीत मोटरसायकल घसरू नये म्हणून रस्त्यावर हजारो लिटर कोका-कोला ओतला. आमच्याकडे डांबरही इतक्या सढळ हाताने ओतत नाहीत.

‘गोल्डनआय’मध्ये २२० मीटर उंच धरणावरून उडी. पायाला दोर बांधून.

कीचकाला दोर नव्हता.

चिखलदऱ्याच्या दरीत भीमाने त्याला भिरकावला, असं इथले लोक सांगतात. भीम तेव्हा विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने भाकऱ्या थापत होता. नाव खोटं, नोकरी खोटी, काम रात्रीचं. हेर म्हणतात तो हा! बॉण्ड काय करतो? शत्रूला खरं नाव सांगतो. आडनाव तर दोनदा.

तेही नाव उसनं. वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या जेम्स बॉण्ड नावाच्या साध्यासुध्या पक्षितज्ज्ञाचं ते नाव. इयान फ्लेमिंगला सपक नाव हवं होतं, पुस्तक घरातच होतं. घेतलं उचलून.

‘ऑक्टोपसी’मध्ये (१९८३) बॉण्ड भारतात येतो. जंगलात समोर वाघ. साहेब म्हणतो, ‘सिट!’ आणि वाघ बसतो. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. इथला वाघ बसणं सोडा, दिसतही नाही.

आता खऱ्या हेराची गोष्ट. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचा गुप्तहेर, फावल्या वेळात पक्षितज्ज्ञ. या गृहस्थाने ब्रिटिश म्युझियममधून रानपिंगळ्याचा एक नमुना लांबवला. खानदेशात १८८४ साली डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने मिळवलेला. त्यात नव्याने पेंढा भरला आणि चिठ्ठी लावली : गुजरातेत मांडवीला, १९१४ साली, मीच मिळवला.

ना गाडी, ना स्फोट. एक चिठ्ठी!

पक्षी शोधणारे त्या चिठ्ठीमागे भलतीकडे भटकले. शेवटी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेनने चोरी पकडली, खोटा पत्ता बाद केला आणि डेव्हिडसनच्या मुलखात गेली. नोव्हेंबर १९९७, शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला. तब्बल ११३ वर्षं बेपत्ता, तेही भर दिवसा हिंडणारं घुबड! पुढे मेळघाटातही सापडलं.

हे मी ग्रुपला सांगणार, तेवढ्यात जिप्सी आली.

वाटेत गाइडने गाडी थांबवली. सागाच्या उघड्या फांदीवर मुठीएवढा पक्षी, शेपटी झटकत, आमच्याकडेच डोळे वटारून. ‘रानपिंगळा हाय भाऊ. लोकं परदेशातून याले पाहाले येतात.’

सात पलट्यांवाल्याने दुर्बीण लावली, काढली.

‘घुबड आहे रे. चला पुढे.’