मागच्या सीटवर अन्याय

घरात मोटारसायकल घ्यायची म्हटलं की रंग मुलगा ठरवतो, हप्त्याचा हिशेब बायको करते आणि मागे कोणी बसायचं की नाही, हे कंपनी ठरवते. हल्ली कंपनीचं मत बहुधा ‘नाही’ असंच पडतं. मागे गादी असलीच तर वीतभर, तीही उतरती. ब्रेक दाबला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर. जाहिरातीत याला ‘स्पोर्टी’ म्हणतात.

२०१९ साली बाजारात उतरलेल्या जावा पेराकला तर सीटच एक. २०२४ मध्ये रॉयल एनफील्डने ‘गोअन क्लासिक’ आणली, तिची मागची सीट काढून ठेवता येते. पिवळ्या मडगार्डचे ‘पायलट’, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, ज्या गोव्यात मागच्या सीटच्या जोरावर घर चालवतात, नाव त्याच गोव्याचं!

कायद्याला मात्र मागच्याची काळजी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ म्हणतं, मागे माणूस एकच आणि तोही पक्क्या बसवलेल्या सीटवर. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम त्याला धरायला हँडल, पायाला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं गार्ड देतो. आमचा तरुण पहिल्याच आठवड्यात ते साडी गार्ड काढून माळ्यावर टाकतो. लुक जातो म्हणे! ओढणी चाकात गेली तर चालते.

मग लग्न ठरतं आणि गाडी सीटवाल्याच्या दारात उभी राहते. तो स्क्रूड्रायव्हरने जुन्या रेक्झिनच्या पिना उपटतो, फोमचा तुकडा सोल्यूशनने चिकटवतो, सुरीने कडा तासतो आणि नवं कव्हर ताणून पिना मारतो.

“लुक बिघडणार नाही ना?” नवरदेवांची चिंता.

“वहिनींना बसवा, मग बोला.”

सीट होते ऐसपैस. इतकी, की दुसऱ्याच दिवशी दोन मित्र मागे चढतात. कलम १९४-सी प्रमाणे ट्रिपल सीटला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. चौकात मामा दिसले की तिसरा उतरून चालू लागतो, चौक ओलांडला की परत चढतो.

तेव्हा मंडळी, पुढची गाडी घ्याल तेव्हा टेस्ट राइड मागे बसून घ्या, आणि तीही आपल्या गावच्या खड्ड्यांतून. आणि साडी गार्ड माळ्यावर असेल, तर आजच उतरवून लावा.