वाशिमचा वेलपालक

मनीप्लांट ही अळू-सुरणाच्या कुळातील, मूळची दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची वेल असून हिरव्या पानांवरचे पिवळे-पांढरे फराटे ही तिची ओळख होय. तिच्या सेवेत आयुष्याचा उत्तरार्ध वेचणारा जो गृहस्थ वाशिम, रिसोड, मंगरुळपीर येथील लेआउटांमध्ये, म्हणजे शेतजमिनीचे अकृषक भूखंड पाडून वसलेल्या वस्त्यांमध्ये, हमखास आढळतो, त्यास वेलपालक म्हणावे. तो बहुधा निवृत्त मुख्याध्यापक असतो. गावाकडचे चार एकर सोयाबीन त्याने बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दुसऱ्यास कसावयास दिलेले असते आणि त्या पिकाची तहान तो निःशंकपणे पावसावर सोपवतो. वेलीस मात्र वीस लिटरच्या कॅनमधले फिल्टरचे पाणी लागते, अशी त्याची धारणा असते.

वेलीचे पहिले बिऱ्हाड काचेच्या चपट्या बाटलीत थाटले जाते. बाटलीचे लेबल नखाने खरवडून काढलेले असले तरी गोंदाचा चौकोन मागे राहतोच, आणि ती कोणी आणली हा प्रश्न निघाला की घरातील सर्वांना जावई आठवतो. डासांच्या अळ्या शोधत आशा सेविका दारात आली, तर ही बाटली तेवढ्यापुरती देवघरामागे जाते.

पुढे वेल कुंडीत येते आणि वेलपालकाच्या शास्त्रास बहर येतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते व माती सतत चिंब राहिली की ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने पान पिवळे पडते. वेलपालक ते पिवळेपण तहानेचे समजून आणखी एक तांब्या ओततो. शिवाय पानांना चकाकी यावी म्हणून तो ती दुधाच्या बोळ्याने पुसतो, ज्याचा लाभ मुंग्यांना होतो. पाहुण्याने पानाकडे बोट नेले, की एरवी प्रमाण मराठीत बोलणारा हा गृहस्थ ‘हात नोका लावू, बाप्पा!’ असे अस्सल वऱ्हाडीत ओरडतो.

चित्रवर्णता, म्हणजे एकाच पानात हरितद्रव्य असलेले आणि नसलेले भाग असणे, हा त्याचा अभिमानाचा विषय. पांढऱ्या भागास अन्न तयार करता येत नाही. त्यामुळे उजेड अपुरा पडला की नवी पाने अधिकाधिक हिरवी येऊ लागतात. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने वेल आग्नेय कोपऱ्यात, फ्रिजच्या आडोशाला, ठेवणारा वेलपालक या हिरवेपणाचा दोष नर्सरीवाल्यास देतो. ज्या वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशिमच्या, वाकाटक राजवटीत अजिंठ्याची चित्रे रंगली, तेथे अंधारात रंग टिकवण्याची उमेद बाळगणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास गेला, की वेलपालक घरातील एकमेव कूलरचे तोंड वेलीकडे वळवतो, आणि सौभाग्यवती वर्तमानपत्राने वारा घेत बसतात. या एका बाबतीत त्याचे चुकत नाही, कारण दमट बेटावरच्या या वेलीस विदर्भाची कोरडी हवा सोसत नाही आणि कूलरची ओलसर हवा मानवते, फक्त झोत थेट पानांवर नसावा. चूक निराळीच असते: वेल तो सुतळीने खिडकीवरून खाली सोडतो आणि पाने तळहाताएवढीही होत नाहीत म्हणून हळहळतो. ही वेल झाडावर चढत गेली तरच पाने वाढत जाऊन पुढे हातभर लांब व फाटलेली होतात. लोंबत राहिल्यास ती लहानच राहतात. काथ्या गुंडाळलेला ओला खांब हा यावरचा सोपा उपाय, पण तो सुचवणाऱ्यास वेलपालक शत्रू मानतो.

मनीप्लांट चोरून आणल्याशिवाय फळत नाही, हा समज वेलपालकासही मान्य असतो. म्हणून फांदी मागणाऱ्यास तो स्पष्ट नकार देतो, आणि एक चांगली, दोन-तीन गाठींची फांदी फाटकाबाहेर हाताशी येईल अशी सोडून दुपारी झोपावयास जातो.