टक्केसाहेब

टक्केसाहेब तुमच्याही ओळखीचे असणारच. शिकागोच्या उपनगरात भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, गाडी विजेची, आणि उघड्या पार्किंगमध्ये प्लगचा पत्ता नाही. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघतात, माणसांकडे नंतर.

‘कसे आहात?’ विचारलं तर ‘चौतीस’ म्हणतात. दहावीच्या निकालानंतर इतके टक्के मी कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. मंडळाच्या संक्रांतीला नाटकाचा दुसरा अंक रंगात आला असताना हे उठले. का, तर ‘नुसती उभी राहून तीन टक्के खाल्ले तिने!’

एकदा त्यांच्या गाडीतून डिव्हॉन अव्हेन्यूला किराणा आणायला गेलो. कडाक्याची थंडी, आणि हीटर बंद. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. इथे ऊबही बॅटरीतूनच काढायची. उणे सात अंशांत हीटर लावला तर गाडीचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटतो, असं ‘एएए’ या अमेरिकी वाहनचालक संघटनेने २०१९ साली मोजलं होतं. हा आकडा साहेबांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी बसवायचा तेवढा बाकी आहे. सीट तापवायला मात्र वीज कमी लागते, म्हणून ती चालू. खालून भाजत, वरून गोठत आम्ही तूरडाळ आणली. उतरताना म्हणाले, ‘अकरा टक्क्यांत झालं बघा!’

२०२४च्या जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली गेला, तेव्हा शिकागोत सार्वजनिक चार्जरपुढे रांगा लागल्या आणि काही गाड्या जागीच बंद पडल्या. गारठलेली बॅटरी घाईने वीज घेत नाही, तिला आधी गरम करावं लागतं. आणि रांगेत ताटकळताना शिल्लक होती तीही संपत जाते. साहेब बारा टक्क्यांवर रांगेत शिरले आणि सात टक्क्यांवर आमच्या दारात उगवले.

तेव्हापासून आमचं गॅरेज त्यांचं आजोळ झालं. घरातला साधा प्लग तासाला जेमतेम दोन टक्के देतो. थंडीत त्यातलेही बरेचसे बॅटरीची ऊब राखण्यातच जातात. म्हणजे चहाला आलेला पाहुणा जेवतो, वामकुक्षी करतो, पुन्हा चहा घेतो आणि दहावर पोचतो. बायकोने हिशेब काढलाय: टक्क्याला दोन पोळ्या.

तरी एक कबूल करायला हवं. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. आम्ही दोघं लॅपटॉपमध्ये, ती खिडकीशी. साहेब मात्र टक्के वाढेपर्यंत तिच्यासमोर बसतात. तिचा कुठला गुडघा जास्त दुखतो, हे मला त्यांच्याकडून कळलं.

परवा गॅरेजमध्ये गेलो तर वायर भिंतीतून उपसून बाजूला ठेवलेली. आईला विचारलं, तर हळूच म्हणाली, ‘मीच काढली. भरलं की उठतो रे तो.’

साहेबांना सांगायला वळलो, तर त्यांचा फोन टीपॉयवर उघडाच होता. चार्जिंग थांबल्याचा निरोप त्यावर कधीचाच येऊन पडला होता. अर्ध्या टक्क्यासाठी जीव टाकणारा हा माणूस पाय पोटाशी घेऊन आईला विचारत होता,

‘मग काकू, २००५च्या पुरात घरात पाणी कुठवर चढलं?’

‘अर्धी भिंत बुडाली की रे.’

‘म्हणजे पन्नास टक्के,’ साहेब हळहळले.