वाळवंटात जागा शिल्लक नाही

सॅन होजे, कॅलिफोर्निया
दिवाळीनंतरचा पहिला शनिवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं निम्मं बोलणं ‘ऐकू येतंय का’ यात जातं आणि उरलेलं निम्मं ‘जेवलात का’ यात. त्यामुळे एप्रिलच्या सहलीचं नीट सांगायचं राहूनच जातं आणि तुम्हाला कळतं ते नातवाकडून, तेही अर्धंमुर्धं. ‘आम्ही डेथ व्हॅलीत राहणार आहोत, ट्रकमध्ये’ हे त्याने आजीला सांगायला नको होतं. म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचा. आई मध्ये मध्ये बोलेल, तिला बोलू द्या.

आई, तुझं म्हणणं बिनतोड आहे. उन्हातच हिंडायचं तर मे महिन्यात सोलापूरला या, तिकिटाचे पैसे तरी सत्कारणी लागतील. पण आम्ही जातोय ते मुलांच्या एप्रिलच्या सुट्टीत. तेव्हा तिथला उन्हाळा अजून अंगात आलेला नसतो. ऐन उन्हाळ्यात तर भाड्याने गाडी देणारे बरेचजण डेथ व्हॅलीत गाडी न्यायलाच मनाई करतात. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातला आजवरचा सर्वोच्च अधिकृत आकडा म्हणून तो अजून मिरवतो. बाबा, सोलापूरचा पारा ४४ ला टेकला की तुम्ही पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवता, त्यात थोडा अभिमानही असतो हे मला ठाऊक आहे. हा आकडा वाचून मन लहान करू नका. तिथे त्या उन्हात कुणी मंडईत जाऊन भेंडी निवडून आणत नाही.

तर बेत असा. इथून डेथ व्हॅली, तिथून युटा राज्यातलं झायन, मग ब्राइस कॅन्यन, पुढे ॲरिझोनात उतरून ग्रँड कॅन्यन आणि घर. गाडी आरव्ही, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर. गॅस, फ्रिज, संडास-बाथरूम, मागे एक पलंग आणि एक ड्रायव्हरच्या डोक्यावर. लांबी २८ फूट. चालवायला साधं लायसन्स पुरतं. किराणा दुकानासमोर गाडी लावताना तुमचे जावई किती वेळा मागेपुढे करतात हे सरकारने पाहिलेलं नसावं. ज्या घराचे हप्ते आमच्या निवृत्तीपर्यंत चालणार आहेत ते कुलूप लावून ठेवायचं आणि त्याच्या स्वयंपाकघराएवढ्या जागेत राहायला वेगळे पैसे मोजायचे, हे बाबांना पटवून देणं मला जमणार नाही. जमलं तर आधी मलाच पटेल.

मला वाटायचं, वाळवंट म्हणजे सगळी मोकळी जागा. वाट्टेल तिथे गाडी थांबवा, सतरंजी अंथरा, डबा उघडा. अहो, कसलं काय! या देशात जागा जितकी ओसाड तितकं तिचं बुकिंग आधी. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर गाडी लावायची एक पट्टी मिळवायला सहा महिने आधी, आमच्या सकाळी सात वाजता, सरकारी संकेतस्थळावर तुटून पडावं लागतं. तत्काळच्या तिकिटासाठी बाबा स्टेशनवर पहाटे जाऊन उभे राहायचे ना, तसे आम्ही चौघं दात न घासता चार स्क्रीनसमोर बसलो होतो. मी नकाशावर नदीकाठची झाडाखालची जागा हेरून ठेवली होती. सातला बटण दाबलं, ती गेली. दुसरी दाबली, तीही गेली. शेवटी धाकट्या चिऊच्या टॅबलेटवर एक लागली, ती सार्वजनिक संडासाशेजारी. जावई म्हणाले, “सोयीची आहे.” त्यांना प्रत्येक गोष्टीत सोय दिसते, हाच त्यांचा माझ्याशी असलेला मुख्य मतभेद.

चिऊ सध्या घरात कुणाला मोजत नाही, त्याला कारण आहे. इथे चौथीतल्या प्रत्येक मुलाला वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत फुकट प्रवेशाचा पास मिळतो आणि त्याच्याबरोबर गाडीतले सगळेच फुकट जातात. एरवी इथे राहणाऱ्यांना वर्षाच्या पासाला ८० डॉलर पडतात. त्यामुळे ती ट्रिपची यजमान आणि आम्ही तिघं तिचे पाहुणे. दादाला तिने बजावलंय, नीट वागलास तरच माझ्या पासावर आत येशील.

प्रवेश मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. झायनमध्ये एंजल्स लँडिंग नावाचा एक सुळका आहे. शेवटच्या टप्प्यात दोन्हीकडे दरी आणि धरायला साखळी. तिथे चढायला २०२२ पासून सोडतीत नंबर लागावा लागतो. जावई जानेवारीत अर्ज भरणार आहेत. मी देवापुढे दिवा लावणार आहे, पण कशासाठी ते त्यांना सांगू नका. मी आणि मुलं खाली नदीकाठच्या रिव्हरसाइड वॉकने जाऊ. ती वाट फरसबंद आहे आणि तिच्यावरून माघारी फिरताना कुणाचा मान जात नाही.

त्याच उद्यानात १९३० साली पुरा झालेला एक बोगदा आहे, एक मैलाहून जरा लांब. तो त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला. आमची गाडी अंगाने त्याहून सुखवस्तू. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या बाजूने गेली तर छपराच्या कमानीला घासते. म्हणून आम्ही लांबचा वळसा घालणार. डेथ व्हॅलीत आर्टिस्ट्स ड्राइव्ह म्हणून हिरव्या-गुलाबी डोंगरांतला रस्ता आहे, तिथे २५ फुटांपुढच्या गाडीला बंदी. म्हणजे आम्ही तीन फुटांनी नापास. युटात तर काही ठिकाणी मातीवरसुद्धा पाय द्यायचा नाही. वर जी काळपट, खरबरीत साय दिसते ती जिवंत असते, सूक्ष्म जीव आणि शेवाळ-दगडफुलांनी विणलेली. एकदा तुडवली की सावरायला कित्येक वर्षं लागतात. हे मला चिऊने शिकवलं आणि लगेच परीक्षाही घेतली.

आता गंमत ऐका. २८ फूट म्हणजे नेमकं किती, हे काही केल्या डोळ्यांसमोर येईना, म्हणून मागच्या रविवारी जावयांनी गॅरेजसमोरच्या फरशीवर खडूने गाडी आखली. टेप धरायला दादा. ओटा, सिंक, बाथरूम, जेवायचं टेबल सगळं मापात. आमच्या दारची फरशी २० फुटांत संपते, तेव्हा मागचा पलंग आला थेट फुटपाथवर. मग रंगीत तालीम. मी खडूच्या ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायला लागले, तर माझं कोपर बाथरूममध्ये. दादा बाथरूममध्ये वळला, तो टेबलावर बसला. जावई ‘पलंगावर’ आडवे होऊन लांबी तपासत होते, तेवढ्यात शेजारच्या बाई कुत्र्याला फिरवत आल्या. फुटपाथवर पाय पसरलेला माणूस, शेजारी हवेत लाटणं फिरवणारी त्याची बायको. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी फार हळुवारपणे विचारलं. चिऊ म्हणाली, आम्ही सुट्टीवर आहोत. कुत्रं मात्र मोकळ्या मनाचं. ते सरळ पलंगावर चढलं.

आई, तुझा पाण्याचा प्रश्न. डेथ व्हॅलीत माणशी दिवसाला निदान एक गॅलन पिण्याचं पाणी बाळगा असं उद्यानवाले सांगतात, म्हणजे पावणेचार लिटर. चौघांचे रोजचे पंधरा. ते वेगळ्या कॅनमध्ये नेणार. अंघोळ, भांडी, हात-तोंड यांसाठी गाडीची टाकी आहे, पण तीही बेताची. शॉवर सोडून उभं राहायचं नाही. अंग ओलं करा, बंद करा, साबण लावा, मग धुवा. मी तांब्या नेणार आहे. दुष्काळातल्या सोलापूरच्या मुलीला अर्ध्या बादलीत न्हायला कुणी शिकवायला नको, ही एक परीक्षा मी अभ्यासाशिवाय पास होईन.

सांडपाण्याच्या टाक्या दोन. ग्रे टँक म्हणजे मोरीचं पाणी, आणि ब्लॅक टँक म्हणजे, बाबा, हा परिच्छेद जेवताना वाचू नका. दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी गाडी लावून जाड पाइप जोडायचा आणि दोन्ही टाक्या मोकळ्या करायच्या. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो. क्रम चुकला तर काय, ते जावयांनी व्हिडिओंत पाहून ठेवलंय आणि तेव्हापासून ते मितभाषी झालेत. हे खातं त्यांचं. लग्नात तुम्ही त्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण मी त्यांना करून देणार नाही.

स्वयंपाक जमेल तितका बाहेर. धुराची घंटा ओट्याच्या डोक्यावरच असते आणि तिला मोहरी-हिंगाची ओळख नाही. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी खाकरे न्या, रेडीमेड पाकिटं न्या, असे सल्ले दिलेच. पण कोरड्या हवेत न बिघडणारं, आठवडाभर टिकणारं आणि गॅस न लागणारं खाणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. फेब्रुवारीत कुलकर्णी काका येताहेत, त्यांच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घाल. चटणी दोनदा बांध, मागच्या खेपेला त्यांचे शर्ट तेलकट झाले होते. मुलांना कडक भाकरी हे चिप्सचं मोठं भावंड वाटतं. वाटू दे.

एक गोष्ट तुझ्या मनासारखी होणार आहे. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे आणि एप्रिलमध्येही रात्री पाणी गोठतं. नळाची नळी झोपण्याआधी काढून ठेवावी लागते. तेव्हा इतकी वर्षं तू फोनवर सांगतेस त्या कानटोप्या एकदाच्या निघतील. तिथे तांबड्या दगडांचे शेकडो सुळके दाटीवाटीने उभे आहेत. रात्री पाणी भेगांत शिरून गोठतं, दिवसा वितळतं, असं करत करत खडक फोडून झालेले. एबेनेझर ब्राइस नावाचा एक माणूस १८७० च्या दशकात तिथे राहायला आला. इथे गाय हरवली तर सापडायची पंचाईत, एवढंच त्याचं या सौंदर्यावर मत होतं म्हणे. बाबांना हा माणूस आवडेल.

आता देवदर्शन. आई, ग्रँड कॅन्यनमध्ये विष्णू टेंपल आहे, शिवा टेंपल आहे, ब्रह्मा टेंपल आहे, कृष्ण श्राइन आणि राम श्राइनसुद्धा. देवळं नव्हेत, दरीतले डोंगर. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने पौर्वात्य देवांची नावं द्यायला सुरुवात केली आणि पुढच्यांनी ती चालू ठेवली. तळाच्या खडकालाही विष्णू शिस्ट म्हणतात, वय सुमारे १७० कोटी वर्षं. म्हणजे विष्णू आपला तळाशी निजलेला, हे इथेही बरोबर जुळलं. शिवा टेंपलच्या माथ्यावर बाकीच्यांपासून तुटलेले वेगळेच प्राणी सापडतील या आशेने १९३७ साली न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे शास्त्रज्ञ वर चढले. वेगळं काही मिळालं नाही, पण कोडॅकच्या फिल्मचं रिकामं खोकं सापडलं. एमरी कोल्ब नावाचा तिथलाच फोटोग्राफर आधी जाऊन आला होता. आम्ही लांबूनच, काठावरून नमस्कार करणार. दरीतून नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत चढू नका, असं तिथे बजावतात, कारण उतरताना सगळेच तरुण असतात. आम्ही ऊ-आ पॉइंटपर्यंत जाणार. ते खरंच नाव आहे. जेमतेम दीड किलोमीटर, पण उतार खडा. परत चढताना मी ‘आई गं’ म्हणणार, तेव्हा तुला उचकी लागली तर घाबरू नकोस.

फोनचं मात्र आत्ताच सांगून ठेवते. डेथ व्हॅलीत बहुतेक ठिकाणी रेंज नसते. दोन दिवस काही कळलं नाही तर पुण्याच्या आत्याला फोन करायचा नाही, तिने अमेरिकेतल्या भाच्याला उठवायचं नाही. पुढे युटात घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे. ॲरिझोनात शिरलं की परत एक तास मागे, कारण ते राज्य उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही. पण त्याच राज्यातला नवाहो लोकांचा प्रदेश बदलतो, आणि त्या प्रदेशाच्या पोटात असलेला होपी लोकांचा प्रदेश बदलत नाही. आमची वाट नवाहोंच्या प्रदेशातून जाते, तेव्हा माझ्या फोनचं घड्याळ दिवसभर उड्या मारत राहणार. म्हणून वेळ ठरवत नाही. वाजला की उचला.

तब्येतीला जपा. बाबा, गुडघ्याचं तेल मध्येच सोडू नका.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, ‘ॲव्हरेज किती देते’ हे विचारायला तुम्ही आत्ता फोन शोधत असाल. गॅलनला आठ ते दहा मैल. लिटरचा हिशेब तुम्ही कराल, पण आईला सांगू नका. आणि जनरेटर लावला की गाडी जागेवर उभी असतानासुद्धा पेट्रोल पिते, हे तर तुम्ही वाचलंच नाही असं समजा.