स्वस्त उड्डाणाचे अर्थशास्त्र आणि कंदी पेढे

परदेशप्रवासासाठी स्वस्त विमानकंपनी निवडावी की नाही, या प्रश्नाचा इतिहास किमान १९७७ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी २६ सप्टेंबरला फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाने लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला ‘स्कायट्रेन’ नावाची सेवा सुरू केली, एका बाजूचे तिकीट ५९ पौंडांना ठेवले, आगाऊ आरक्षणाची सोय काढून टाकली, जेवणाचे पैसे निराळे लावले, आणि लोकांनी तिकिटासाठी रांगा लावून या सर्व गैरसोयींना मनापासून दाद दिली. फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकरची कंपनी बुडाली. थोड्या पैशांसाठी वाटेल तेवढे हाल सोसण्याची मानवी तयारी मात्र बुडाली नाही, आणि प्रस्तुत लेखक हा त्या तयारीचा एक सुस्थितीत जतन झालेला नमुना आहे.

स्वस्त विमानसेवा म्हणजे जिच्या तिकिटात केवळ आसन मिळते आणि सामान, जेवण, पसंतीची जागा या गोष्टी सुट्या विकल्या जातात अशी सेवा. तिची मूळ युक्ती आखूड पल्ल्यासाठी जन्मलेली आहे. जमिनीवर उभे असलेले विमान पैसे मिळवत नाही, म्हणून ते उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवायचे; सर्व विमाने एकाच जातीची ठेवून वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आणि सुट्या भागांचा खर्च आटोक्यात आणायचा; आणि आसनांचा ‘पिच’, म्हणजे एका आसनावरील एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर, ३१-३२ इंचांवरून २८-२९ इंचांवर आणून काही रांगा अधिक बसवायच्या, हे त्या युक्तीचे तीन खांब होत. लांब पल्ल्यावर यांपैकी पहिले दोन डळमळतात, कारण आठ-दहा तासांचे उड्डाण करणारे विमान कोणाचेही असले तरी दिवसाचा बराच भाग हवेतच असते, इंधन सर्वांना साधारण सारख्याच भावाने घ्यावे लागते आणि कर्मचाऱ्यांना परगावी हॉटेलात उतरवावे लागते, त्यापुढे एकाच जातीच्या विमानांची बचत किरकोळ ठरते. उरतो तो तिसरा खांब, आणि त्याचा सगळा भार प्रवाशाच्या गुडघ्यांवर येतो.

या कारणांमुळे लांब पल्ल्याच्या स्वस्त सेवांचा इतिहास बराचसा मृत्युलेखांच्या स्वरूपात वाचावा लागतो. आइसलँडची ‘वॉव’ ही कंपनी मार्च २०१९ मध्ये एका सकाळी बंद पडली आणि प्रवासी जिथल्या तिथे राहिले. ‘नॉर्वेजियन’ने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची उड्डाणे सोडून दिली. ज्या टिकल्या त्यांच्यापैकी ‘स्कूट’मागे सिंगापूर एअरलाइन्स आणि ‘जेटस्टार’मागे क्वांटास असे भरभक्कम माहेर आहे. भारतातल्या ‘इंडिगो’ने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमला उड्डाणे सुरू केली तेव्हा तिनेही या मार्गांवर गरम जेवण तिकिटातच दिले, यावरून समुद्र ओलांडताना काटकसरीलाही भूक लागते असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

हा सर्व इतिहास ठाऊक असूनही मुंबईहून मेलबर्नला जाण्याचे ठरले तेव्हा प्रस्तुत लेखकाने संगणकावर एक तक्ता तयार केला, कारण पैसे वाचण्याच्या आनंदापेक्षा ते वाचणार आहेत हे स्तंभांत मांडण्याचा आनंद त्यास अधिक प्रिय आहे. एका बाजूस सिंगापूरमार्गे जाणारे, एकाच कंपनीचे, जेवणासह आणि सामानासह असलेले तिकीट होते. दुसऱ्या बाजूस मुंबई ते क्वालालंपूर एका स्वस्त कंपनीने आणि तेथून मेलबर्न दुसऱ्या स्वस्त कंपनीने, अशी दोन स्वतंत्र तिकिटे होती. दुसऱ्या पर्यायात सामानाचे पैसे, दोन्ही विमानांतल्या जेवणाचे पैसे आणि जवळजवळ बसण्याचे पैसे (पती-पत्नींनी शेजारी बसणे ही या व्यवसायात चैनीची बाब समजली जाते) मिळवूनही फरक डोळ्यांत भरण्याजोगा राहत होता. पत्नीने तक्ता पाहून एवढेच विचारले की, पहिले विमान उशिरा आले तर काय होईल, आणि तिला मधल्या वेळेच्या स्तंभाकडे बोट दाखवण्यात आले, जिथे साडेतीन तास असा आकडा ठळक अक्षरांत होता.

येथे चेष्टा थोडी बाजूस ठेवून एका शुल्काची नोंद करणे आवश्यक आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या विजेवर आणि स्वतःच्या कार्डाने पैसे भरल्याबद्दल प्रवाशाकडून माणशी ‘सोय शुल्क’ घेतले जाते. ही सोय नेमकी कोणाची, याचा खुलासा पावतीवर नसतो. सामान नेण्यास इंधन लागते, जेवण शिजवावे लागते, हे समजू शकते. पैसे स्वीकारण्याचे कष्ट पडतात म्हणून पैसे घेणारा व्यापारी मात्र मंडईत एक दिवसही टिकणार नाही, आणि हे शुल्क दर वेळी शेवटच्या पडद्यावर, माणूस मनाने विमानात बसून गेल्यावर दाखवले जाते, ही त्यातली खरी लबाडी आहे.

दोन तिकिटांच्या प्रवासास ‘सेल्फ-ट्रान्सफर’, म्हणजे आपले आपण बदलून घेण्याचा प्रवास, असे म्हणतात. एकाच तिकिटावर दोन विमाने असली, मग ती एकाच कंपनीची असोत किंवा एकमेकींचे प्रवासी आणि सामान पुढे पोहोचवण्याचा ‘इंटरलाइन’ करार केलेल्या दोन कंपन्यांची, तर बॅगेवर शेवटच्या गावाची चिठ्ठी लागते आणि पहिले विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. दोन सुट्या तिकिटांत असे काहीच नसते. मधल्या देशात रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, पुन्हा चेक-इनच्या खिडकीशी जाऊन त्या पुढे द्यायच्या, आणि यांतले काही वेळेत जमले नाही तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी ‘नो-शो’, म्हणजे आलाच नाही, असा ठरतो. तो समोर घाम पुसत उभा असला तरी या निर्णयात फरक पडत नाही.

मुंबईचे विमान चार तास उशिरा सुटले. यामागे पाऊस नव्हता, वादळ नव्हते, संपही नव्हता. स्वस्त कंपनीचे विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावी पळत असल्याने सकाळी कुठेतरी झालेला उशीर दुपारपर्यंत चक्रवाढ व्याजाने वाढत जातो, आणि त्याची वसुली संध्याकाळच्या प्रवाशांकडून होते. साडेतीनातून चार वजा करण्याचे गणित विमानतळावरील आसनावर बसून प्रस्तुत लेखकाने निरनिराळ्या पद्धतींनी करून पाहिले. भारत आणि मलेशिया यांच्या घड्याळांत अडीच तासांचे अंतर आहे, त्याचा काही उपयोग होतो का हेही तपासले. परंतु ते अंतर नेमके उलट दिशेचे निघाले. पत्नीने या काळात काहीही म्हटले नाही, आणि तिचे काहीही न म्हणणे बोर्डिंगच्या दारापर्यंत ऐकू येत होते.

क्वालालंपूरच्या टर्मिनल २ मध्ये, जे २०१४ मध्ये मुख्यतः स्वस्त कंपन्यांसाठीच उघडले गेले आणि ज्याला एक अख्खा मॉल चिकटलेला आहे, मध्यरात्रीनंतर पोहोचले तेव्हा मेलबर्नचे विमान निघून गेलेले होते. तरीही प्रवेशाची रांग चुकली नाही. भारतीय नागरिकांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियात अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, परंतु डिजिटल आगमनपत्र आधी भरावे लागते. ते न भरलेल्यांची एक वेगळी गर्दी भिंतीशी साचली होती आणि तिच्यात सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या एक आजी, हातात फोन आडवा धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा न्याहाळत उभ्या होत्या. प्रस्तुत लेखक पत्नीशी मराठीत वाद घालत असल्याचे कानी पडताच त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “अहो भाऊ, तुमचं भांडण झालं की तेवढं माझं ह्या फोनात भरून द्या.”

आजींचीही तिकिटे दोन होती, जावयाने काढून दिलेली, आणि मेलबर्नचे विमान तेच होते. पुढच्या तिकीट खिडकीवरील तरुणीने अत्यंत सौजन्याने सांगितले की, पहिल्या कंपनीचा उशीर हा पहिल्या कंपनीचा विषय आहे. पहिल्या कंपनीचे कार्यालय बंद होते. आणि प्रवासविम्याच्या कागदपत्रांत बारीक अक्षरांत लिहिले होते की, स्वतः जुळवलेल्या प्रवासातील चुकलेले विमान या संरक्षणात मोडत नाही. नव्या तिकिटांची किंमत वाचलेल्या रकमेच्या दुपटीहून थोडी अधिक भरली, आणि विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचे मिळाले. दिलासा एवढाच की स्वस्त कंपन्या बहुधा प्रत्येक उड्डाण स्वतंत्र विकतात, त्यामुळे जाताना न बसल्याबद्दल परतीचे तिकीट रद्द झाले नाही. मोठ्या कंपन्यांच्या नियमांत पहिला टप्पा चुकवला की पुढचे सारे टप्पे गळून पडण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखकाने ही गोष्ट तक्त्याच्या ‘फायदे’ या स्तंभात त्याच रात्री नोंदवली, आणि पत्नीने लॅपटॉप मिटला.

रात्रीचा मुक्काम बाकांवर झाला. या बाकांना दर दोन फुटांवर लोखंडी हात असतात, जेणेकरून कोणासही आडवे होता येऊ नये, आणि वातानुकूलन मांस टिकवण्याच्या हेतूने योजल्यासारखे असते. प्रस्तुत लेखकाने दोन हातांखालून शरीर सरकवून झोपण्याचा प्रयोग केला, तो कमरेपर्यंत यशस्वी झाला आणि त्यानंतर पुढेही जाता येईना व मागेही येता येईना, तेव्हा सफाई करणाऱ्या एका तमिळ गृहस्थाने त्यास पायांकडून ओढून मुक्त केले. आजी हे सारे शांतपणे पाहत होत्या. त्यांनी मॉलमधला ‘तेह तारिक’, म्हणजे दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळ केलेला दुधाचा चहा, घोटभर घेऊन “बरा आहे, पण आलं नाही” असा अभिप्राय दिला.

वेळ घालवण्यासाठी प्रस्तुत लेखकाने त्यांना ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम समजावून सांगितले. परक्या देशातले रोग आणि किडे शेतीत व गुराढोरांत शिरू नयेत म्हणून तेथे येणाऱ्यास प्रत्येक खाद्यवस्तू घोषित करावी लागते, घोषित केलेली वस्तू नामंजूर झाली तरी दंड होत नाही, लपवलेली सापडली तर जबर होतो, आणि भारतासारख्या लाळ्या-खुरकूत रोग असलेल्या देशांतली दुधाची मिठाई आत जाऊ देत नाहीत. आजींनी हे लक्षपूर्वक ऐकले, आणि पिशवीतून साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे दोन मोठे खोके बाहेर काढले. “फेकून देणार असतील तर इथंच संपवा,” असा हुकूम सुटला. पहाटे तीन वाजता मेलबर्नचे विमान चुकलेले दोन पंजाबी विद्यार्थी, एक केरळी परिचारिका, तो तमिळ गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक यांनी मिळून त्या पेढ्यांचा निकाल लावला. प्रस्तुत लेखकाचा वाटा मोठा होता, कारण नियम त्यानेच सांगितला होता.

आजींनी स्वतः एकही पेढा घेतला नाही. त्यांच्या मुलीचे दिवस भरले होते. बाळंतपणाला आई जवळ असावी म्हणून हा सारा खटाटोप, आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकट्याने, आणि विमान तर निघून गेलेले. “आज रात्रीच काही झालं तर?” असे त्यांनी विचारले. प्रस्तुत लेखकापाशी जगातल्या बहुतेक विमानकंपन्यांची माहिती होती. या प्रश्नाला उत्तर नव्हते. पत्नी उठून त्यांच्या शेजारी बसली, विमानतळाच्या वाय-फायवर फोन जोडून तिने मुलीला व्हिडिओ कॉल लावून दिला, आणि पलीकडून झोपाळलेला, भरल्या अंगाचा चेहरा “आई, तू जेवलीस का?” असे विचारू लागला, तेव्हा तिकिटाच्या दोन किमतींमधली वजाबाकी ही त्या बाकावर कोणाच्याच कामाची उरली नाही. जावयाने पैसे वाचवण्यासाठी काही वावगे केले नव्हते. परदेशात नव्याने घर मांडणाऱ्या माणसाला तेवढा फरक मोठा असतो. फक्त त्या फरकाच्या बदल्यात आपण काय विकत आहोत, हे त्याला कोणत्याही पडद्यावर दिसले नव्हते.

मेलबर्नविषयी सांगायचे तर तेथे यारा नदी आहे, फ्लिंडर्स स्ट्रीटचे पिवळे रेल्वेस्थानक आहे, सुमारे एक लाख प्रेक्षकांचे क्रिकेट मैदान आहे, आणि ही सर्व स्थळे पाहून झाली. आजींना मुलगी झोपेतून उठवून आणल्यासारखी विमानतळावर न्यायला आली होती. बाळाने आणखी काही दिवस कळ काढली. जैवसुरक्षेच्या टेबलावर आजींनी सुंठ, डिंक, खारीक असे सारे एकेक करून मांडले, आणि अधिकाऱ्याने दुधाचे काही आहे का असे विचारताच प्रस्तुत लेखकाकडे बोट दाखवले.

या अनुभवावरून काही सिद्धान्त मांडता येतात. उड्डाण थेट असेल, पाच-सहा तासांच्या आतले असेल, सामान पाठीवर मावणारे असेल आणि पोहोचण्याचा दिवस इकडचा तिकडे झाल्याने कोणाचे बिघडणार नसेल, तर स्वस्त विमानकंपनी निःसंशय परवडते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे हे पैशाची मस्ती असल्याचे लक्षण होय. मध्ये विमान बदलायचे असेल तर मात्र दोन किमतींमधला फरक हा जेवणाचा किंवा गुडघ्यांच्या जागेचा नसून जबाबदारीचा हप्ता असतो, हे ध्यानात घेऊन तो भरावा. आणि तरीही दोन तिकिटे काढायचीच असतील, तर मधे एक रात्र ठेवून त्या गावातल्या हॉटेलचे भाडे आधीच तक्त्यात धरावे, म्हणजे बहुतेक वेळा तक्ता आपोआप दुसऱ्या बाजूला झुकतो. म्हाताऱ्या माणसाला एकट्याने पाठवताना तर तक्ताच करू नये. ज्याची पलीकडे कोणी वाट पाहत आहे त्याने एकाच तिकिटावर जावे. ज्याची कोणीच पाहत नाही त्याने स्वस्तात खुशाल जावे, आणि प्रस्तुत लेखकाच्या पत्नीच्या मते, अशा माणसाने एकट्यानेच जावे.